दुसऱ्या यूजरफॉर्ममधली माहिती रिकामी का येते

व्हीबीएमधल्या (एक्सेलसारख्या ऑफिस प्रोग्रॅममध्ये कोड लिहायची भाषा) दुसऱ्या यूजरफॉर्ममध्ये, म्हणजे माहिती भरायच्या खिडकीत, निवडलेला ग्राहक पहिल्या फॉर्मवर परतताच रिकामा दिसतो, असं तुम्ही म्हणताय. ग्राहक ग्लोबल व्हेरिएबलमध्ये, म्हणजे सगळ्या फॉर्मना वाचता येणाऱ्या व्हेरिएबलमध्ये, ठेवला तर काम भागेल, पण मूळ दुखणं दुसरा फॉर्म बंद करणाऱ्या 'अनलोड मी' या ओळीत आहे. अनलोड झालं की फॉर्मबरोबर त्यात भरलेलंही मेमरीतून जातं. नंतर त्याचा टेक्स्टबॉक्स वाचायला गेलात तर व्हीबीए एररसुद्धा देत नाही, गुपचूप कोरा फॉर्म लोड करतं. म्हणून ही चूक शोधताना इतका जीव जातो.

दुसऱ्या फॉर्मच्या ओके बटणावर 'अनलोड मी'ऐवजी 'मी.हाइड' लिहा, म्हणजे फॉर्म फक्त लपेल. फॉर्म मोडल (तो उघडा असेपर्यंत बाकीचं अडवून धरणारा) असल्याने पहिल्याचा कोड दुसरा फॉर्म उघडणाऱ्या 'शो'च्या ओळीवर थांबलेला असतो, तो आता पुढे सरकेल. तिथे निवडलेला ग्राहक वाचा, मगच अनलोड करा. कोपऱ्यातली फुली मात्र थेट अनलोड करते. फॉर्म बंद होण्याआधी चालणाऱ्या क्वेरीक्लोज इव्हेंटमध्ये ती अडवा आणि फॉर्म हाइड करा, पण तो कशामुळे बंद होतोय हे सांगणारा क्लोजमोड तपासूनच. नाहीतर तुमचं स्वतःचं अनलोडही अडेल.

दोन्ही खिडक्या एकदम वापरायच्या असतील तर दुसऱ्याबरोबर पहिला फॉर्मही मोडलेस (बाकीचं न अडवणारा) ठेवा. मोडल उघडा असताना मोडलेस उघडायला गेलात तर ४०१ क्रमांकाची एरर येते.