‘शेअर ऑप्शन्स आउटस्टँडिंग’ला ‘थकीत’ म्हणावे का?

प्रश्न : एका कंपनीच्या वार्षिक अहवालाचे मराठी भाषांतर तपासताना ‘शेअर ऑप्शन्स आउटस्टँडिंग अकाउंट’साठी ‘थकीत समभाग-विकल्प खाते’ असा शब्दप्रयोग आढळला. तो ग्राह्य धरावा का? तसेच ‘फॉरफीट’ आणि ‘लॅप्स’ या दोन्हींसाठी ‘रद्द होणे’ चालेल का?

उत्तर : ‘थकीत’ अजिबात नको. थकते ते देणे, तेही मुदत उलटल्यावर. वीजबिल थकते, पगार थकतो. ईसॉपपोटी (कर्मचाऱ्यांना ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क, म्हणजेच विकल्प, देणारी योजना) कंपनी कर्मचाऱ्याला रोख रक्कम देणे लागत नाही, ठरलेल्या किमतीला स्वतःचे शेअर देणार असते. म्हणूनच भारतीय लेखा मानक १०२ नुसार या विकल्पांपोटी खर्ची टाकलेली रक्कम देण्यांमध्ये न दाखवता ‘इतर इक्विटी’त, म्हणजे भागधारकांच्या निधीत, दाखवतात. तेव्हा ‘शिल्लक समभाग-विकल्प खाते’ म्हणावे. शेअरच्या भावातील वाढ रोखीने देण्याची योजना असेल, तर मात्र ते खरेखुरे देणे ठरते आणि ते फिटेपर्यंत प्रत्येक ताळेबंदाच्या तारखेला त्याचे मूल्य नव्याने काढावे लागते. ‘देय’ हा शब्द तिथे शोभेल.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जमाखर्चातच सापडते. समजा, ५० कर्मचाऱ्यांना प्रत्येकी १०० विकल्प दिले, देण्याच्या दिवशी एका विकल्पाचे रास्त मूल्य (फेअर व्हॅल्यू, म्हणजे त्या हक्काची अंदाजाने काढलेली वाजवी किंमत) ६० रुपये निघाले आणि हक्क पक्का होण्यासाठी तीन वर्षे नोकरीत राहण्याची अट आहे. सगळे टिकतील असे धरल्यास एकूण खर्च ३ लाख रुपये होतो आणि पहिल्या वर्षी १ लाख खर्ची पडतात. दुसऱ्या वर्षअखेरीस ४० जणच टिकतील असा अंदाज झाला, तर एकूण खर्च २ लाख ४० हजारांवर येतो, त्याचे दोन तृतीयांश म्हणजे १ लाख ६० हजार, आणि त्या वर्षी फक्त ६० हजार नावे टाकावे लागतात. मधल्या काळात शेअर दुप्पट झाला काय किंवा निम्म्यावर आला काय, ते ६० रुपये बदलत नाहीत. हक्क पक्का होण्याआधी नोकरी सोडल्याने विकल्प जातो, तो ‘फॉरफीट’, आणि त्याचा खर्च असा मागे घेतला जातो. पक्का झालेला विकल्प कोणी मुदतीत वापरलाच नाही, तर तो ‘लॅप्स’. त्याचा खर्च उलटवता येत नाही, रक्कम फार तर इक्विटीतल्या दुसऱ्या खात्यात वळते. एकच ‘रद्द’ वापरल्यास हा फरक बुडतो. पहिल्यासाठी ‘हक्क गमावणे’ आणि दुसऱ्यासाठी ‘मुदतबाह्य होणे’ सुचवतो.

पुरवणी : त्याच अहवालात ‘कागदोपत्री खर्च’ असेही लिहिले असण्याची शक्यता आहे, बोलताना लेखापालही तसे म्हणतात. रोकड जात नाही हे खरे, पण नफा घटतो आणि विकल्प वापरले गेले की जुन्या भागधारकांचा हिस्सा आक्रसतो. सनदी लेखापाल संस्थेच्या २००५ च्या मार्गदर्शक टिपेनुसार केवळ बाजारभाव आणि ठरलेली किंमत यांतील फरक खर्ची टाकण्याची मुभा होती, त्यामुळे बाजारभावालाच दिलेल्या विकल्पांचा खर्च शून्य दिसे आणि रास्त मूल्याचा परिणाम टिपांमध्ये राही. कागदोपत्री म्हणायचेच तर त्या शून्याला म्हणावे. इथे ‘बिगररोख खर्च’ लिहा.