शब्दचर्चा : उमेदवार स्त्रीला ‘रणरागिणी’ म्हणावे का?

प्रश्न : निवडणुकीच्या बातम्यांत एखादी उमेदवार ठामपणे बोलली की तिला हमखास ‘रणरागिणी’ म्हटले जाते. शब्द गौरवाचा असूनही खटकतो. त्याचा मूळ अर्थ काय, आणि पुरुषासाठी त्याचे रूप का आढळत नाही?

उत्तर : संस्कृतात ‘राग’ म्हणजे रंग, आसक्ती, अनुराग, त्यावरून ‘रणरागिणी’ म्हणजे रणाची ओढ असलेली स्त्री. मराठीत मात्र ‘राग’ म्हटले की आधी संताप आठवतो, त्यामुळे शौर्याच्या या शब्दाला चिडखोरपणाची छटा आपसूक चिकटते. व्याकरणाने ‘रणरागी’ हे पुल्लिंगी रूप सहज होईल, पण ते रूढ नाही. पुरुषाने आवाज चढवला तर तो ‘मुलुखमैदान तोफ’ ठरतो, म्हणजे वर्णन त्याच्या वक्तृत्वाचे होते. स्त्रीच्या बाबतीत ते स्वभावाचे होते, आणि ती नेमके कशाबद्दल बोलली हे बातमीत बहुधा शेवटच्या परिच्छेदात सापडते.

आक्षेप : वल्लभभाई पटेलांना ‘लोहपुरुष’ म्हणतातच की. मग खंबीर स्त्री नेत्याला ‘पोलादी स्त्री’ म्हणण्यात पक्षपात कुठे आला?

उत्तर : आक्षेप रास्त आहे, पण दोन्ही शब्दांचा उगम पाहावा. पटेलांना ती उपाधी गौरवाने मिळाली. पुढे ब्रिटनच्या पंतप्रधान झालेल्या मार्गारेट थॅचर यांना ‘पोलादी स्त्री’ म्हटले ते सोव्हिएत सैन्याच्या ‘क्रास्नाया झ्वेझ्दा’ या वृत्तपत्राने, जानेवारी १९७६ मध्ये, त्या विरोधी पक्षनेत्या असताना आणि टोमणा म्हणून. तो त्यांनीच पुढे बिरुदासारखा मिरवला, ही गोष्ट वेगळी. जर्मनीचे शासनप्रमुख, म्हणजे चॅन्सलर, बिस्मार्क तर ‘पोलादी चॅन्सलर’ झाले. तिथे पोलाद पदाला जोडले गेले, इथे स्त्री असण्याला, जणू तो धातू तिच्या अंगी असणे हेच नवल.

आणखी एक नोंद : मला याहून अधिक खटकतो तो ‘संसार सांभाळून’ हा वाक्प्रयोग. ‘संसार सांभाळून त्या राजकारणात उतरल्या’ या वाक्यातल्या ‘सांभाळून’ या ऊनप्रत्ययान्त रूपामुळे संसार ही आधीची अट बनते आणि राजकारण उरलेल्या वेळेतले काम ठरते. ऑगस्ट २०१७ मध्ये न्यूझीलंडच्या मजूर पक्षाचे नेतृत्व मिळाल्यावर काही तासांतच जॅसिंडा आर्डर्न यांना दूरचित्रवाणीवर मूल होऊ देण्याबद्दल विचारले गेले, तेव्हा शब्द वेगळे असले तरी अट हीच होती. पुरुष उमेदवाराबद्दल ‘संसार सांभाळून’ असे लिहिलेले माझ्या तरी वाचनात नाही.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. मग ‘महिला उमेदवार’ हेही टाळावे का?

उत्तर : राखीव जागा किंवा उमेदवारांची संख्या हा विषय असेल तर ते आवश्यक आहे. एरवी ‘उमेदवार म्हणाल्या’ एवढे पुरते. मराठीत क्रियापदच लिंग सांगते.