[मंडळ-गप्पा] गायवाला उभा राहिलाय

प्रेषक: सुहास

मंडळी, नमस्कार.

आमच्या सबडिव्हिजनच्या मागच्या कुंपणापलीकडे ज्याच्या गाई चरतात, तो रँचर, म्हणजे गुरं पाळणारा शेतकरी, काउंटी कमिशनरपदाला उभा आहे. आपल्याच प्रिसिंक्ट ४ मधून, म्हणजे काउंटीच्या आपल्या भागातून. शनिवारी दारात आला. अंगात कामावरचाच शर्ट, बुटांना चिखल, हातात पत्रकं. आत या म्हटलं तर बुटांकडे बोट दाखवून पायरीवरच थांबला. चहाला मात्र नाही म्हणाला नाही. आल्याचा चहा उभ्यानेच प्यायला आणि पाऊण तास बोलला.

ज्यांनी या प्रकाराकडे कधी बघितलंच नाही (मीही त्यांतलाच), त्यांच्यासाठी थोडं. टेक्सासमध्ये २५४ काउंट्या आहेत. प्रत्येक काउंटीचा कारभार बघतं ते कमिशनर्स कोर्ट. नाव कोर्टाचं, काम बरंचसं जिल्हा परिषदेचं. चार प्रिसिंक्टचे चार कमिशनर आणि वर काउंटी जज. हा जज वकील असायलाच हवा असंही नाही. मुदत चार वर्षं. १ आणि ३ ची निवडणूक राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीबरोबर होते, २ आणि ४ ची मधल्या वर्षी, म्हणून २०२६ मध्ये आपला नंबर. दोन लाखांच्या आत वस्ती असलेल्या काउंटीत उभं राहायची फी ७५० डॉलर. रस्ते, पूल, शेरीफचं बजेट, तुरुंग, काउंटीच्या टॅक्सचा दर, सगळं तिथे ठरतं. उन्हाळ्यात कचरा जाळायला बंदी येते ना, ती घालणारेही हेच.

माझे वडील पाच वर्षं पंचायत समितीवर होते. सकाळी सहाला ओसरीवर माणसं हजर असायची. कुणाची मोरी खचलेली, कुणाचा रस्ता वाहून गेलेला. त्यांचा मुलगा पंधरा वर्षं इथे टॅक्स भरतोय आणि स्वतःच्या कमिशनरचं नाव त्याला परवा फोनवर शोधावं लागलं.

या रँचरचा मुख्य मुद्दा रस्त्यांचा. आपण राहतो तो ब्लॅकलँड प्रेअरीचा पट्टा, म्हणजे आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. घराचा फाउंडेशन तडकू नये म्हणून ऑगस्टमध्ये आपण पाया भिजवत बसतो, तीच माती रस्त्याखालीही असते. खडी आणि डांबराचा पातळ थर टाकलेले हे काउंटी रोड दहा-वीस पिकअप आणि गुरांच्या ट्रेलरसाठी केलेले. त्यावरून आता दिवसभर काँक्रीटचे ट्रक जातात. ‘बिल्डर घरं विकून निघून जातो, फुटलेला रस्ता काउंटीच्या गळ्यात राहतो,’ असं तो म्हणाला.

मी विचारलं, मग ही घरं थांबवणार का? ‘नाही. काउंटीला झोनिंगचा, म्हणजे कुठे काय बांधायचं ते ठरवण्याचा, अधिकारच नाही. थांबवतो म्हणणारा खोटं बोलतोय.’ शहराच्या हद्दीबाहेर तुमच्या शेजारी काँक्रीटचा प्लांट येणार असेल तर कमिशनर फार तर विरोधाचं पत्र लिहील, परवाना राज्याचं पर्यावरण खातं देतं. जे हातात नाही ते नाही म्हणून सांगणारा उमेदवार मी तरी पहिल्यांदाच बघितला. पत्रक स्कॅन करून जोडलंय. माझं मत ठरलंय, तुमचं तुम्ही बघा.

सुहास

---

प्रेषक: मॉडरेटर

सुहास, पत्रक यादीवरून काढलं आहे. राग मानू नकोस. मंडळ ५०१ सी ३ आहे, म्हणजे करमाफी असलेली धर्मादाय संस्था. उमेदवाराचा प्रचार मंडळाच्या यादीवरून झाला तर करमाफी धोक्यात येते. ही अट १९५४ ची, आणि ती घालून घेतली ती आपल्याच टेक्सासच्या लिंडन जॉन्सन यांनी, सिनेटर असताना. सगळ्या उमेदवारांना बोलावून फोरम घ्यायला मात्र काही हरकत नाही. माहिती आणि चर्चा चालू द्या, ‘माझं मत ठरलंय’ वगैरे नको.

---

प्रेषक: वैशाली

सुहासदादा, चहा पाजला इथवर ठीक. पण एक गोष्ट तुमच्या मेलमध्ये आलीच नाही.

या गृहस्थांच्या शेकडो एकरांना टॅक्ससाठी शेतीचं मूल्यांकन लागू होतं. जमीन बाजारभावाने नाही, गवत आणि गुरांतून काय निघतं त्या हिशोबाने धरतात. राज्यघटनेतच ही तरतूद आहे, १९७८ पासून. आधीच्या सात वर्षांतली पाच वर्षं जमीन शेतीखाली असली की झालं. म्हणजे माझ्या पाव एकरावरच्या घराला पूर्ण टॅक्स, वर नव्या सबडिव्हिजनचा मड टॅक्स वेगळा (म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट, काय नाव ठेवलंय!), आणि त्याच्या कुरणाला जवळजवळ काहीच नाही. आणि टॅक्स कमी करतो म्हणून पत्रक वाटणार कोण, तर तो.

उद्या हीच जमीन त्याने बिल्डरला विकली तर? वापर बदलला की मागचा फरक भरावा लागतो, पण २०१९ मध्ये तो पाच वर्षांवरून तीन वर्षांवर आणला आणि २०२१ मध्ये व्याजही काढून टाकलं. रस्ता रुंद झाला की त्याच रस्त्याकडेच्या जमिनीचा भाव कुठे जातो ते सांगायला नको. बिल्डरांवर बोट ठेवणाऱ्या माणसाची जमीनच त्या विकासात सगळ्यात महाग होणार. हे आपण गावाकडे बायपासच्या वेळी पाहिलेलं आहे, पुढाऱ्यांच्या जमिनी कशा बरोबर रस्त्याला लागून निघाल्या ते.

मी त्याच्या विरोधात नाही. दुसऱ्या उमेदवारालाही हेच विचारीन.

वैशाली

---

प्रेषक: ओंकार

मी एच-१बी वर आहे. मत देता येत नाही ते माहीत आहे. पण पन्नास डॉलर देऊ शकतो का? त्याच्या पोराने मागच्या महिन्यात माझी गाडी खड्ड्यातून ओढून काढली होती.

---

प्रेषक: वैशाली

ओंकार, एक डॉलरही नाही. ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी माणसाने इथल्या कुठल्याच निवडणुकीला पैसे द्यायचे नाहीत, गावपातळीच्या सुद्धा. ग्रीन कार्डवाले देऊ शकतात, पण त्यांना मत नाही. तू हवं तर फुकट पाट्या ठोकायला जा, ते चालतं. गाडीचे आभार मानायचे तर त्या पोराला जेवायला बोलाव.

नागरिक झालेल्यांनो, नावनोंदणी २ फेब्रुवारी २०२६ पर्यंत. लवकर मतदान १७ ते २७ फेब्रुवारी, प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, ३ मार्चला. कोणत्याही एका पक्षाच्या प्रायमरीत मत देता येतं, आधी पक्षात नाव नोंदवावं लागत नाही. आपल्याकडे काउंटीच्या जागांचा फैसला बहुतेक वेळा मार्चमध्येच होतो. नोव्हेंबरची वाट बघत बसलात तर पंगत उठलेली असेल.

---

प्रेषक: सुहास

वैशाली, बरोबर आहे तुझं. मी थोडा वाहवलो, आणि त्याचं कारण आई आहे.

गेल्या मे महिन्यात वादळात कुंपणावर झाड पडलं आणि या रँचरची एक गाय आमच्या गल्लीत आली. पांढुरकी, वशिंड असलेली, गळ्याची पोळी पार गुडघ्यापर्यंत लोंबलेली. सगळे दारं लावून खिडकीतून व्हिडिओ काढत होते. आई तेव्हा मिरजेहून आलेली. ती सरळ बाहेर गेली आणि गाईच्या मानेखाली खाजवत उभी राहिली. तेवढ्यात हा पेंडीच्या कांड्या बादलीत खुळखुळवत आला. आईने कासेकडे बघितलं आणि मला म्हणाली, ‘त्याला सांग, गाभण आहे, महिनाभरात व्यायची.’ मी सांगितलं. तो म्हणाला, ‘तीन आठवडे.’ मग मला विचारलं, या कुठल्या?

त्यानेच सांगितलं की अमेरिकन ब्राह्मण ही जात भारतातल्या गुरांपासून तयार केली. गीर, गुजरातकडची, नेल्लोरची आणि कृष्णा खोऱ्यातली. त्यांची ब्रीडर्स असोसिएशन १९२४ पासून आहे. टेक्सासचं ऊन आणि गोचीड विलायती गुरांना सोसेना म्हणून हे सगळं केलं. कृष्णा खोऱ्यातली म्हटल्यावर आई मिरजेच्या तोऱ्यात, ‘मग आमचीच की.’ ही गुरं शेवटी कत्तलीलाच जातात हे मी तिला सांगितलं नाही. तिला कळलं असणार, ती गप्प होती.

तर मी काही तटस्थ नाही. म्हणून तुझे प्रश्न घेऊन काल स्वतः त्याच्याकडे गेलो.

टॅक्सचं विचारलं. म्हणाला, मूल्यांकन काउंटी करत नाही, अप्रेझल डिस्ट्रिक्ट नावाची वेगळी संस्था करते. काउंटी फक्त स्वतःचा दर ठरवते, आणि बिलाचा मोठा हिस्सा शाळांचा असतो. खरं आहे, पण माझ्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं, आणि तसं मी त्याला म्हटलं. तेव्हा म्हणाला, ‘हो, मला सूट आहे. ती नसती तर इथे आत्ता तुमच्यासारखी चारशे घरं असती.’

रस्ता रुंद करण्याचं विचारलं. तो रस्ता त्याच्या कुंपणाला लागून अर्धा मैल जातो. म्हणाला, त्या ठरावाच्या वेळी लेखी प्रतिज्ञापत्र देऊन मला मतदानातून बाहेर राहावं लागेल, कायदाच आहे. मी घरी येऊन पाहिलं. आहे. पण मग निवडून दिल्यावर नेमक्या आपल्याच रस्त्याला आपला कमिशनर मत देणार नाही, हेही आलंच.

शेवटी विचारलं, जमीन विकणार का? तो तळ्याकडे बघत राहिला. गाई पाण्यावर आल्या होत्या. बराच वेळाने म्हणाला, ‘मोठा डॅलसला असतो. धाकट्याला ट्रक चालवायचाय. गाई कुणालाच नकोत.’

हो किंवा नाही, काही म्हणाला नाही.

सुहास

---

प्रेषक: वैशाली

मग फोरममध्ये पहिला प्रश्न हाच. दोघांनाही. लायब्ररीची खोली मी बुक करते. मॉडरेटर, चहा मंडळाच्या खर्चातून चालेल का, की तोही प्रचार?

---

प्रेषक: मॉडरेटर

दोघांना सारखाच मिळाला तर चालेल.