सुपर ट्यूसडेनंतरही माझं मत सँडर्सनाच

मार्च २०२०. अमेरिकेत अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवण्याचं मतदान राज्याराज्यांत सुरू आहे; सुपर ट्यूसडे म्हणजे त्यातला अनेक राज्यांत एकाच दिवशी मतदान होणारा मंगळवार. इच्छुकांपैकी बर्नी सँडर्सचं ‘सर्वांसाठी मेडिकेअर’ (सगळ्यांना सरकारी आरोग्य विमा) हे स्वप्नरंजन आहे, ट्रम्पना हरवायचं तर दुसरे इच्छुक बायडनच हवेत, हा तुमचा मुद्दा मला पटत नाही. २०१६ला पक्षाच्या तेव्हाच्या उमेदवार क्लिंटनबाईंबद्दलही हेच ऐकलं होतं. मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया ही तिन्ही राज्यं हातची गेली.

आमच्या शेजारच्या बाई इन्सुलिनची कुपी महिनाभर पुरावी म्हणून डोस कमी घेतात. तेही विमा असून! २०१८मध्ये देशातल्या सुमारे पावणेतीन कोटी लोकांकडे तर विमाच नव्हता. त्यांना ‘हळूहळू बघू’ कोणत्या तोंडाने सांगायचं?

साउथ कॅरोलायनात तिथले कृष्णवर्णीय खासदार क्लायबर्न यांनी बायडनना पाठिंबा दिला आणि कृष्णवर्णीय मतदार त्यांच्याकडे एकवटले. या मतदारांचा विश्वास आम्हा सँडर्स समर्थकांना मिळवता आला नाही, ही आमची मोठी चूक. पण बुटिजेज, क्लोबुशार हे इच्छुक ऐन वेळी बायडनना पाठिंबा देऊन बाहेर पडले, सँडर्ससारखीच भूमिका असलेल्या एलिझाबेथ वॉरन मात्र शर्यतीत राहिल्या आणि आमची मतं फुटली. इथे मॅसॅच्युसेट्समध्ये मंगळवारी मतपत्रिका हातात घेऊन मी बराच वेळ उभी होते. वॉरन मनापासून आवडतात, तरी मतपत्रिकेवर सँडर्सच्या नावापुढचा लंबगोल काळा करून मत त्यांनाच दिलं. राज्यात जिंकले बायडन.

नोव्हेंबरातल्या अध्यक्षीय निवडणुकीत बायडनच उमेदवार असतील तर मत त्यांनाच देईन. पण १० मार्चला मिशिगनचं मतदान आहे, तोवर सँडर्सना मत द्या म्हणून रोज संध्याकाळी तिथल्या मतदारांना फोन करणार आहे.