‘ग्रॅन टोरिनो’चे मराठी सबटायटल: ह्मोंग शब्द देवनागरीत कसे लिहावेत?

तापीकाठ (जळगाव)
राम राम मंडळी. फिल्म क्लबात ‘ग्रॅन टोरिनो’ (२००८) मराठी सबटायटलसह दाखवायचा आहे, प्रदर्शनाची परवानगी झाली आहे. त्यात वॉल्ट हा गोरा म्हातारा आणि त्याच्या शेजारी ह्मोंग (लाओसमधून अमेरिकेत आलेला डोंगरी समाज) कुटुंब: मुलगा थाओ, त्याची आजी वगैरे. ह्मोंग शब्द रोमन स्पेलिंगवरून वाचले की ‘हमूब’, ‘झू’ असं काहीतरी होतं. खरा उच्चार कसा काढायचा? दुसरं, आजीचे संवाद अहिराणीत टाका असा आग्रह होतोय. ते बरं दिसेल का?

लिपीघर (धुळे)
भाऊ, शब्दाचं शेवटचं व्यंजन उच्चारू नका, निम्मं काम तिथेच होतं. ही रोमन लिपी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला लाओसमध्ये मिशनऱ्यांनी बसवली. ह्मोंग शब्द अनुनासिक सोडलं तर व्यंजनावर संपत नाही. म्हणून बी, जे, व्ही, एस, जी, एम, डी ही अक्षरं शेवटी सुरांच्या (आवाजाच्या चढउताराच्या, त्यावरून अर्थ बदलतो) खुणा म्हणून वापरली. पी-ओ-जी म्हणजे वडिलांची आई, पी-ओ-एम म्हणजे पाहणे, पी-ओ-एस म्हणजे काटा. देवनागरीत तिन्ही ‘पॉ’च होतात. सूर उतरत नाही, त्याच्या मागे लागू नका.

स्वर दोनदा लिहिला असेल तर तो नाकातला: डबल ओ म्हणजे ‘ओंग’, डबल ई म्हणजे ‘एंग’. म्हणून एच-एम-ओ-ओ-बी हे ‘ह्मोंग’, आणि नमस्कारासाठीचे शब्द ‘न्यॉ झोंग’. हा ह्म आपल्या म्हशीतला म्ह नव्हे. आधी नाकातून नुसती हवा, मग म. हरित ह्मोंग बोलीत ती हवाही जाते, ते ‘मोंग’ म्हणतात.

एक्स म्हणजे स, एस म्हणजे श. कुळाला एक्स-ई-ई-एम लिहितात, वाचायचं ‘सेंग’. टी-एक्स हा चुलीतला च, टी-एस साधारण चिवड्यातला. इथे मराठीत फसगत होते: ‘चि’ लिहिलं की वाचणारा चिवड्यातलाच च वाचतो. म्हणून आत्म्यांशी बोलणाऱ्या त्यांच्या जाणत्याला ‘त्सि नेंग’ लिहा. त्याचं भाषांतर ‘मांत्रिक’ करू नका, करणी-भानामतीचा वास येतो. भरकटलेला आत्मा परत बोलावणं हे त्याचं मुख्य काम, तेव्हा सातपुड्यातला ‘भगत’ जास्त जवळचा.

आडनावांना मात्र हे नियम लावू नका, ती कागदोपत्री रूढ झालीत. वांग, लोर तसंच ठेवा. ‘थाओ वांग लोर’ या नावात तर तीन कुळांची नावं एकापुढे एक आली आहेत. चूक पटकथेची आहे, सबटायटलमध्ये दुरुस्त करू नये.

सातपुडा पायथा (नंदुरबार)
अहिराणीला माझा विरोध, आणि तो अहिराणीच्या प्रेमापोटीच. मराठी करमणुकीत अहिराणी बहुतेक हशा पिकवायलाच येते. आजी दारात उभी राहून ‘तू आठे कसाले उना?’ (तू इथे कशाला आलास?) म्हणाली की जळगावचं थिएटर हसणार, आणि म्हातारीचा राग वाया जाणार. अख्खा सिनेमा अहिराणीत करत असाल तर जरूर करा, वॉल्टसकट. फक्त ह्मोंग पात्रांना बोली आणि गोऱ्यांना प्रमाण मराठी, हे नको.

वॉल्टच्या शिव्यांचंही तसंच. थाओची भूमिका केलेल्या बी वांग यांनी पुढे जाहीरपणे लिहिलं आहे की त्या शिव्यांवर प्रेक्षक हसतात हे बोचतं. शिवी सौम्य करू नका, गमतीदारही करू नका.

सुरुवातीला दोन पाट्या पुरेत. एक: १९६१ ते १९७५ या काळात सीआयएने लाओसच्या गुप्त युद्धात जनरल वांग पाओ यांच्या हाताखाली ह्मोंग सैन्य उभं केलं. दुसरी: १९७५ मध्ये सत्ता पालटल्यावर कुटुंबं मेकाँग ओलांडून थायलंडच्या छावण्यांत गेली, तिथून अमेरिकेत. वॉल्ट कोरियाच्या युद्धातला आहे, त्यामुळे पाटी नसेल तर लोक शेजाऱ्यांना कोरियन समजतात.

पुढे ‘चिल्ड्रन ऑफ द मिस्ट’ (२०२१) दाखवणार असाल तर आधी प्रेक्षकांशी बोलून घ्या. त्यात उत्तर व्हिएतनाममध्ये मुलगी पळवून नेण्याची प्रथा आहे. सातपुड्यातल्या आदिवासींच्या होळीआधीच्या भोंगऱ्याच्या हाटाला ‘लग्नं जमवायचा बाजार’ म्हणून छापणारे आपल्याकडे आहेतच. तीच नजर एका मुलीच्या गोष्टीवरून अख्ख्या समाजावर जाते.

पडदा आणि प्रोजेक्टर (भुसावळ)
फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतील. फॉन्ट नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता. ‘ह्म’ हे जोडाक्षर बारीक आकारात शेवटच्या रांगेला वाचता येत नाही, आधी पडद्यावर तपासा. एका वेळी दोन ओळी, ओळीत साधारण ३५ अक्षरं.

ह्मोंग संवाद वेगळा दिसायला तिरका टाइप नको, देवनागरीत तो ओबडधोबड दिसतो. पिवळा रंग द्या. जिथे ह्मोंग बोलणं आहे पण मूळ प्रिंटवर सबटायटल नाही, तिथे अंदाजाने वाक्य घालू नका. ‘(ह्मोंगमध्ये बोलते)’ एवढंच टाका.