घरातलं माणूस आत्महत्येनं गेलेल्यांसाठी कोल्हापुरात बैठक सुरू करतोय, मांडणी कशी ठेवावी?

शाहूपुरी_कट्टा
नमस्कार मंडळी. आम्ही तिघं मिळून महिन्यातून दोनदा बैठक घ्यायचं ठरवलंय. एक समुपदेशक आहे. बाकी दोघांच्या घरात असा मृत्यू होऊन पाचेक वर्षं झालीत. फक्त मोठ्या माणसांसाठी. आत्तापर्यंत 11 नावं आलीत, शहरातली, कागलची, दोन गडहिंग्लजची. त्यात एकाच घरातल्या सासू-सून आहेत, आणि एका घरात घटना होऊन जेमतेम तीन आठवडे झालेत. किती माणसं घ्यावीत, जागा कुठली, डॉक्टर बसवायचा का आणि पहिल्या दिवशी नेमकं काय करायचं? अनुभवी लोकांनी सांगावं.

गंगावेस
पहिली गोष्ट, कुठंही 'आधारगट' लिहू नका. आपल्याकडं गट म्हटलं की एक तर बचत गट, नाही तर दूध संघाची निवडणूक. 'रविवारची बैठक' एवढंच पुरे. दारावर बोर्डही नको, फोनवर जागा सांगायची.

जागा दवाखान्यात घेऊ नका. ही माणसं सीपीआरच्या (सरकारी रुग्णालयाच्या) आवारात पोस्टमार्टेमची वाट बघत बसलेली असतात, त्यांना परत त्याच फाटकातून बोलवायचं नाही. देवळाचा हॉलही टाळा. 'अपमृत्यू आहे, अमुक शांत करून घ्या' हे ऐकून ती आधीच दमलेली असतात. रविवारी रिकामी असलेली शाळेची खोली उत्तम. वेळ 11 ते साडेबारा ठेवा, म्हणजे बायकांना स्वयंपाक उरकून येता येतं आणि गडहिंग्लजवाल्यांना दुपारची एसटी मिळते. पण खोली अडीच तासांसाठी घ्या. खरं बोलणं कधी कधी नंतरच्या चहाला सुरू होतं, आणि नेमका तेव्हाच शिपाई किल्ल्या वाजवत येतो.

माणसं 8, चालवणारे 2. एकट्यानं कधीच चालवू नका, कारण कुणी रडत बाहेर गेलं तर मागं जायला एक माणूस लागतो. चालवणारा स्वतः असं दुःख झेललेला असेल तर निदान दोन वर्षं गेलेली असावीत, नाही तर बैठक त्याचीच होऊन बसते.

नाव आलं की थेट बोलवायचं नाही, आधी अर्धा तास फोनवर बोला. कोण गेलं, कधी, घरात सोबत कोण आहे, झोप-जेवण कसं आहे, दारू किंवा गोळ्या वाढल्यात का, स्वतःच्या मनात मरणाचे विचार येतात का. तीन आठवडेवाल्यांना आत्ताच गोलात बसवू नये असं माझं मत. घरात अजून पाहुण्यांची वर्दळ असते, माणूस बधिर असतो, दुसऱ्या सात जणांचं ऐकायची ताकद नसते. त्यांना आठवड्याला एक फोन करा, जमल्यास कुणीतरी एकट्यानं जाऊन भेटून या. दोन-तीन महिन्यांनी, सगळे आपापल्या कामाला लागले की त्यांना बैठकीची खरी गरज पडते.

पहिल्या दिवशीची 90 मिनिटं अशी वाटा: 10 मिनिटं नियम वाचणं, 20 मिनिटं ओळख, 45 मिनिटं मोकळं बोलणं, शेवटची 15 मिनिटं आवरतं घेणं. ती शेवटची 15 कुणाच्याही बोलण्यासाठी खाऊ नका. जखम उघडी ठेवून माणूस एसटीत बसतो आणि पुढच्या वेळी येत नाही. त्या वेळात भूतकाळ बंद. आज घरी गेल्यावर काय करणार, सोबत कोण आहे, एवढंच विचारा.

ओळखीत तीनच गोष्टी: स्वतःचं नाव, कोण गेलं, कधी गेलं. कसं गेलं ते सांगायचं नाही. हा नियम सगळ्यात आधी मोडतो, म्हणून सगळ्यात आधी वाचा. एकानं तपशील सांगितला की बाकीचे सात जण ते चित्र घरी नेतात. कुणी बोलून गेलंच तर 'दादा, तेवढं आपण नंतर चहाला दोघंच बोलू' म्हणून हळूच थांबवा आणि खरंच बोला. आणि 'मला आज बोलायचं नाही' म्हणण्याची मुभा प्रत्येकाला.

करवीर_वकिली
सासू-सून एका खोलीत अजिबात नको. नात्याचा भाग सोडाच, कायद्याची अडचण आहे. असा मृत्यू झाला की पोलीस आधी अकस्मात मृत्यू म्हणून नोंदवतात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 194, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 174). पुढं कुणी तक्रार दिली तर भारतीय न्याय संहितेचं कलम 108 लागू शकतं, म्हणजे आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा. उद्या एक फिर्यादी आणि दुसरी आरोपी असू शकते. तुमच्या बैठकीत झालेलं बोलणं कोर्टापुढं गोपनीय राहीलच असं नाही, चालवणाऱ्यालाही साक्षीला बोलावता येतं. म्हणून केस चालू असेल तर तिच्यावर बैठकीत चर्चा नाही, टिपणं नाहीत, रेकॉर्डिंग नाही. वहीत फक्त पहिलं नाव आणि फोन.

सावकाराचं नाव, सासरचं नाव, साहेबाचं नाव बैठकीत घेऊ देऊ नका. कोल्हापूर केवढंसं, समोर बसलेला त्याच नावाचा पाहुणा निघतो.

राजारामपुरी_आठवी
डॉक्टर गोलात नको. पांढरा कोट दिसला की सगळे त्याच्याकडं तोंड करून गोळ्या विचारतात, एकमेकांशी बोलतच नाहीत. मानसोपचारतज्ज्ञ बाहेर हवा, फोनवर मिळणारा, आणि महिन्यातून एकदा चालवणाऱ्या दोघांचं ऐकून घेणारा.

व्हॉट्सॲप ग्रुपवरून मात्र भांडायची तयारी आहे माझी. काढूच नका. रात्री दोनला कुणी 'आता सहन होत नाही' लिहितं, आठ जण वाचतात, एकालाही काय करावं कळत नाही. सकाळी त्याच्याखाली गुड मॉर्निंगचं फूल येतं.

गंगावेस
पूर्ण बंद करू नका. तारीख-वेळ कळवायला लागतोच. फक्त ॲडमिननाच लिहिता येईल अशी सेटिंग करा.

राजारामपुरी_आठवी
पण त्यात सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात, त्याचं काय? ब्रॉडकास्ट लिस्ट करा. तुमचा नंबर प्रत्येकानं सेव्ह केलेला हवा, नाही तर मेसेज पोचत नाही.

शाहूपुरी_कट्टा
ब्रॉडकास्टच करतो. अजून दोन गोष्टी. 'मी त्या दिवशी फोन उचलला असता तर' असं कुणी म्हणालं की काय बोलायचं? आणि बैठकीतच कुणी 'मलाही जगायचं नाही' म्हणालं तर?

पंचगंगा_घाट
पहिल्या प्रश्नावर 'तुमची काही चूक नाही' असं झटकन म्हणू नका. सांत्वनाला आलेल्या शंभर जणांनी ते म्हटलेलं असतं आणि माणूस तिथंच गप्प होतो. 'तो फोन मनातून जात नाही ना?' म्हणा आणि थांबा. मग गोलातलं कुणीतरी स्वतःच्या फोनबद्दल बोलेल, त्यासाठीच तर बैठक आहे. 'माझ्यापेक्षा तुमचं बरं, तुम्हाला मुलं तरी आहेत' असली तुलना सुरू झाली तर मात्र लगेच आवरा.

दुसऱ्या प्रश्नाचं आधीच ठरवून ठेवा, ऐनवेळी एकमेकांकडं बघत बसायचं नाही. चालवणाऱ्यांपैकी एकजण त्या व्यक्तीला शेजारच्या खोलीत नेतो, दुसरा बैठक चालू ठेवतो. सरळ विचारा: 'आत्महत्येचा विचार मनात येतोय का? आज येतोय का? काही ठरवलंय का?' विचारल्यानं विचार डोक्यात घुसत नाही, उलट ओझं उतरतं. आत्महत्येनं माणूस गेलेल्या घरात हा धोका वाढलेला असतो, त्यामुळं हे बोलणं हलकं घेऊ नका. ठरवलंय असं उत्तर आलं तर क्षणभरही एकटं सोडायचं नाही. तिथूनच टेलिमानसला 14416 लावा (सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन, मोफत, 24 तास, मराठीत बोलता येतं), घरच्या एकाला बोलवा आणि सोबत जाऊन सीपीआरच्या तातडीच्या विभागात दाखवा. जीवाला लगेच धोका असेल तर 112. 'कुणाला सांगू नका' असं वचन मागतील, ते द्यायचं नाही. हे नियम वाचतानाच सांगून ठेवा: इथलं बोलणं बाहेर जात नाही, फक्त जीवाचा प्रश्न आला तर जातं.

पहिल्यांदा आलेल्याला दोन दिवसांच्या आत फोन करा. बैठकीच्या रात्री झोप लागत नाही, हेही आधी सांगून ठेवा, म्हणजे 'जाऊन आणखी बिघडलं' असं घरचे म्हणत नाहीत. वहीत नाव-फोनशेजारी प्रत्येकाची वर्षश्राद्धाची तारीख तेवढी लिहा आणि तीन-चार दिवस आधी फोन करा. त्या दिवसापेक्षा आधीचे दिवस जड जातात. पितृपक्ष आणि दिवाळीच्या पाडव्याच्या आठवड्यात बैठक रद्द करू नका, सुट्टी म्हणून सगळे तेच करतात.

शाहूपुरी_कट्टा
ठरलं. सून पहिल्या-तिसऱ्या रविवारी. सासूबाईंसाठी दुसऱ्या रविवारी वेगळी बैठक काढावी लागेल, तोवर त्यांना फोन. तीन आठवडेवाल्यांकडं आमच्यातला एकजण गुरुवारी जाऊन येतोय. शाळेची खोली अडीच तासांसाठी मागितलीय, चहा तिथंच.