बॅटरीवरचा एसी, उघड्या खिडक्या आणि फुकटचे सल्ले

चाकावरचा संसार:
परवा एका साहेबांनी पोस्ट टाकली. म्हणणं असं, की कॅम्परमध्ये, म्हणजे झोपायची सोय केलेल्या गाडीत, बॅटरीवर एसी म्हणजे निव्वळ माज, रात्रभर चालतो म्हणणारे थापा मारतात, आणि नाशिककराने खिडक्या उघडून गुपचूप झोपावं. खाली अंगठ्यांचा पाऊस. तिथे लिहिलं असतं तर 'तुम्हाला परवडतं हो' एवढंच ऐकून घ्यावं लागलं असतं, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आधी हिशोब. माझ्या ट्रॅव्हलर व्हॅनच्या छतावर २४ व्होल्टचा एसी आहे, थेट बॅटरीवर चालणारा. मध्ये इन्व्हर्टर नाही. पहिला अर्धा तास तो आठशे-नऊशे वॅट खातो, आत गार झालं की चारशेच्या आसपास येतो. बॅटरी एलएफपी, म्हणजे लिथियमचा एक प्रकार, २५.६ व्होल्ट, २०० अँपिअर-तास. म्हणजे पाच युनिट, त्यातली साडेचार बिनधास्त वापरायची. रात्री दहा ते सकाळी साडेसहा चालवला तर पावणेचार युनिटच्या आत भागतं. यात थाप कुठली?

पण एसी ही शेवटची पायरी आहे हे कोणी सांगत नाही. आधी गाडीचा पत्रा आतून झाकायचा. छताला आणि दरवाजांच्या पोकळीत उष्णता अडवणारा नाइट्राइल फोम, काचांना चांदीच्या शीट, ड्रायव्हरच्या सीटमागे जाड पडदा, कारण पुढची काच म्हणजे उन्हाला उघडं दार. हे न करता घरातला दीड टनी जरी आत टांगला तरी मे महिन्यात तो हात टेकतो. दुपारी मी एसी लावतच नाही. दुपारी झाड शोधायचं.

पंचवटीचा कुलरवाला:
ती पोस्ट माझी. अंगठे तुम्हाला टोचले, समजू शकतो. हिशोब नीटनेटका आहे, पण बॅटरी भरणार कशाने ते सोयीस्कर गाळलंत. झाडाखाली गाडी लावली तर पॅनल झोपलं. उन्हात लावली तर गाडीची भट्टी. एक काय ते ठरवा.

चाकावरचा संसार:
गाळलं नाही, तिथवर पोचलो नव्हतो. छतावर ४०० वॅटची पॅनल आहेत. आडवी, तापलेली, धुळीने माखलेली, तरी उघड्यावर असली तर मे महिन्यात दिवसाला दीड-पावणेदोन युनिट देतात. तीन तास गाडी चालली तर इंजिनकडून बॅटरी भरणाऱ्या डीसी-डीसी चार्जरमधून आणखी दीड. थोडी तूट राहते, झाडाखाली लावली तर जास्त. एकाच जागी दोन दिवस ठिय्या दिला तर दुसऱ्या रात्री पंधरा अँपिअरचा प्लग शोधावा लागतो. घ्या, लिहून दिलं.

तापीकाठचा भो:
नाशिकच्या उन्हाला तुम्ही ऊन म्हणता, भुसावळला या एकदा भो. ४४-४५ला गाडी बंद करून लग्नाला गेलो. पॅनलवर कडक ऊन, आणि बॅटरीत एक अँपिअर जाईना. बॅटरी सीटखालच्या पेटीत, सेल तापले, बॅटरीला सांभाळणाऱ्या सर्किटने, बीएमएसने, चार्जिंग तोडलं. बऱ्याच एलएफपी बॅटऱ्यांना साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू देत नाहीत. रात्री एसी लावायला बसलो तर अर्ध्या तासात अंधार. बॅटरीच्या पेटीला पंखा आणि जाळी हवी, हे फिटरने सांगायला नको होतं?

अंबडचा वायरमन:
फिटरचा विषय निघालाच आहे तर बोलतो. आमच्याकडे महिन्याआड अशी एखादी गाडी येते. मागच्या वेळची बारा व्होल्टची होती. बारा व्होल्टवर ९०० वॅट म्हणजे ७५ अँपिअर, आणि वायर कसली, तर तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची. वायरच्या टोकाचा लग, म्हणजे धातूची टोपी, हातोडीने ठोकून चपटा केलेला. वर काळी टेप गुंडाळली की आतलं दिसत नाही. टेप सोडवली तर लगच्या गळ्यापाशी इन्सुलेशन वितळून ओघळलेलं आणि तारा जांभळ्या पडलेल्या. फ्यूज होता, पण एसीच्या बाजूला. मध्ये कुठे वायर घासून बॉडीला लागली तर तो फ्यूज काय डोंबल वाचवणार? फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरात हवा.

२४ व्होल्ट घ्या, करंट निम्मा होतो. लग हायड्रॉलिक क्रिंपरने, म्हणजे दाबायच्या हत्याराने, दाबून घ्या. आणि लिथियम बॅटरी थेट आल्टरनेटरला, म्हणजे इंजिनवर फिरून वीज करणाऱ्या यंत्राला, जोडू नका. रिकामी लिथियम मिळेल तेवढा करंट ओढते आणि बिचारा आल्टरनेटर जळतो.

पंचवटीचा कुलरवाला:
बघा, तुमचाच माणूस तुमच्याविरुद्ध बोलतोय. एवढे उपद्व्याप कशासाठी? मी माझ्या इको व्हॅनच्या मागच्या काचेत छोटा कुलर बसवलाय, बारा व्होल्टचा पंप, बारा व्होल्टचा पंखा, वाळ्याचं पॅड. शंभर वॅटसुद्धा खात नाही. एप्रिल-मे महिन्यात आपली हवा कोरडी, कुलरला याहून चांगलं गाव नाही. वाळ्याचा वास घेत झोपलात की एसी विसराल.

चाकावरचा संसार:
आणि पाणी? कुलर गारवा देतो तो पाणी उडवूनच. एक लिटर उडालं की सुमारे दोन-तृतीयांश युनिट उष्णता जाते. तासाला चार लिटर धरा, रात्रीत तीस-पस्तीस. माझी टाकी साठ लिटरची आहे. सकाळी अंघोळ वाळ्याच्या वासाने करू का?

पंचवटीचा कुलरवाला:
नाशिकमध्ये पाण्याला तोटा? गंगापूर धरणावर जाता ना मुक्कामाला?

तापीकाठचा भो:
धरणातलं पाणी तसंच कुलरला घातलं तर पॅडवर क्षार धरतो आणि महिन्यात वास मारतो, वाळ्याचा नाही, शेवाळाचा. आमच्याकडे घरोघर कुलर आहेत, आम्हाला शिकवू नका.

पंचवटीचा कुलरवाला:
पॅड वेळेवर धुवायचं असतं. आळशी माणसाला कुलर काय नि एसी काय.

अंबडचा वायरमन:
काका, दिवेआगरला मे महिन्यात कुलर चालवून बघा. हवेतच एवढी वाफ आहे की पॅडचं पाणी उडतच नाही. आतली चादर पिळून घ्यावी लागते.

पंचवटीचा कुलरवाला:
मे महिन्यात कोकणात जातं कोण? आंबे इथे द्वारका चौकात मिळतात.

दोन मुलींची आई:
इतका वेळ वाचत होते. कुलर, पॅड, वाळा, आंबे. कुलर चालायचा तर खिडकी उघडी हवी, नाहीतर आत दमट कोंडतं, बरोबर? आणि मूळ पोस्टमध्येही तेच, खिडक्या उघडा आणि झोपा. काका, तुम्ही झोपा. मी दोन मुलींना घेऊन सिन्नर-शिर्डी रस्त्यावर पेट्रोलपंपाच्या कडेला झोपले आहे. नवरा बाहेरगावी होता. पहाटेपूर्वी कोणीतरी मोबाइलचा टॉर्च जाळीतून आत फिरवला. सावकाश, मोठीच्या पायापासून डोक्यापर्यंत. मी ओरडले तर म्हणे, "मॅडम, रिकामी गाडी वाटली." त्यानंतर काचा वर, लॉक बंद, पडदे बंद. मे महिन्यात. मग एसी हा माज आहे का, ते सांगा.

पंचवटीचा कुलरवाला:
ताई, वाईट वाटलं. पण हा सुरक्षेचा मुद्दा झाला, एसीचा नाही. तो बाजूला ठेवू.

दोन मुलींची आई:
बाजूला कशाला? तुम्ही दिलेल्या सल्ल्याचाच मुद्दा आहे हा. आणि 'ताई, वाईट वाटलं' हे 'पण'च्या आधी आलं की त्याला काही अर्थ राहत नाही.

गंगापूर रोडकर:
एवढं भांडण कशाला? इंजिन चालू ठेवायचं, गाडीचाच एसी लावायचा. डिझेल जाईल थोडं. नाहीतर छोटा जनरेटर.

चाकावरचा संसार:
बाकी कशावरही वाद घाला, हे मात्र करू नका. डिसेंबर २०२४मध्ये केरळात वडकरा इथे उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोघे मृतावस्थेत सापडले. एसीसाठी जनरेटर चालू होता, त्याचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरला. या वायूला वास नाही, रंग नाही. बॅटरीचा एसी महाग म्हणणाऱ्यांनी आधी एवढं ध्यानात घ्यावं की तो धूर सोडत नाही. झोपण्याच्या जागी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तरीही लावा, शेजारच्या गाडीचा जनरेटर तुमच्या हातात नसतो.

गंगापूर रोडकर:
बरं बरं. एक सुचवलं तर लगेच केरळपर्यंत गेले.

कागदपत्र पूर्ण:
कोणी आरटीओबद्दल बोलणार आहे का? मी छत कापून एसी बसवला आणि पासिंगला गेलो. साहेबांनी वर बोट दाखवून विचारलं, हे काय? मी म्हटलं एसी. ते म्हणाले, आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, कुठाय? चार चकरा, प्रत्येक वेळी नवा कागद. २०२१मध्ये राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, फोटो छापून आले, आणि खिडकीवरच्या कारकुनाला कॅराव्हॅन म्हणजे काय तेही माहीत नाही.

अंबडचा वायरमन:
छत कापलंत कशाला? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बदलांबाबत आहेच. रचना बदलायची तर आधी परवानगी आणि नोंद. मोटार कॅराव्हॅनला एआयएस-१२४ हे वेगळं मानकच आहे. छताला आधीचं व्हेंटचं, म्हणजे हवेच्या झरोक्याचं, भोक असेल तर त्यात बसणारा एसी बघा. अपघात झाला तर विमावाले आधी आरसी आणि गाडी ताडून बघतात.

आणि घरचा स्प्लिट बसवणाऱ्यांसाठी: मागे टांगलेल्या आउटडोअरचे फ्लेअर नट, म्हणजे गॅसच्या नळ्या जोडणारे नट, कसारा घाट उतरताना सैल होतात, गॅस गळतो. त्यात आर-३२ हा गॅस असेल तर तो सौम्य का होईना, पेट घेणारा आहे. आतला-बाहेरचा भाग एकत्र असलेलं एकसंध युनिट बरं.

पंचवटीचा कुलरवाला:
ठीक आहे. कोकणात कुलर चालत नाही, हे जगाला माहीत आहे, तुम्ही काही शोध लावलेला नाही. ताईंनी एसी लावावा, माझी हरकत नाही. पण पाच युनिटच्या बॅटरीचा खर्च माझ्या कुलरच्या कितीतरी पट आहे, हे कोणी खोडलेलं नाही.

चाकावरचा संसार:
खोडत नाही. लेड-अॅसिड घेतली असती तर स्वस्त पडली असती, पण तेवढ्या वापरासाठी घरच्या इन्व्हर्टरला असतात तशा सहा ट्युब्युलर लागल्या असत्या, तीनशे किलोच्या पुढे. माझी पन्नास किलोत बसली. तुमच्या इकोत सहा ट्युब्युलर घालून चांदवडचा घाट चढून दाखवा, मग खर्चाचं बोलू.

दोन मुलींची आई:
वायरमन, ट्रॅव्हलर नाही, विंगर व्हॅन आहे आमची. छतावर कॅरिअर आहे. काढावं लागेल का?

अंबडचा वायरमन:
कॅरिअरचा पुढचा अर्धा भाग काढावा लागेल. छताचं माप आणि बॅटरी कुठे ठेवायची त्या जागेचा फोटो पाठवा. आरसीचाही पाठवा, आधी ते बघू.